आईचं हूं

आमच्या घरात आजीचा फोटो नव्हता आणि आजीला नावही नव्हतं. वडिलांचे आईवडील ते लहान असतानाच गेले, असं आम्हाला सांगितलेलं होतं. आजोबा सातारा भागात मास्तर होते, कडक शिस्तीचे, गावात त्यांना मान होता, आणि मग कसल्याशा साथीत दोघंही गेले. मला आणि माझ्या धाकट्या भावाला हे सगळं पाढ्यांसारखं पाठ होतं, कारण ते पुन:पुन्हा म्हणावं लागायचं. बहारीनमध्ये मराठी माणसाला मराठी माणूस भेटला की पहिला घोट घेताना विचारायचा, "मूळचे कुठले तुम्ही?" आणि कप खाली ठेवता ठेवता, "म्हणजे... कोण तुम्ही?" हा दुसरा प्रश्न किती गोड आवाजात विचारता येतो, ते ज्याला कधी तो विचारला गेला नाही त्याला सांगून कळायचं नाही. आमचं आडनाव वडिलांनी गावाच्या नावावरून नवीन करून घेतलं होतं, गुळगुळीत, कुठूनही हाताला काही न लागणारं. तरी लोक चाचपून बघायचेच.

आम्ही मुहर्रकमध्ये राहायचो, विमानतळाला लागून. वडील तिथल्या वर्कशॉपात टेक्निशियन होते. विमान उतरलं की भांडी थरथरायची आणि आई बोलता बोलता थांबून, विमान गेल्यावर त्याच शब्दापासून पुढं सुरू करायची. घरात मराठी दोन प्रकारची होती. एक वडिलांची, पुण्याच्या रेडिओवरची. दुसरी आईची, जी वडील ड्यूटीवर गेले की खिडकीतल्या एसीच्या घरघरीखाली निघायची. लोकांसमोर आई बोलायचीच नाही फारसं. "हो", "नाही", "बसा ना", "चहा घेणार?" एवढ्यावर ती संसार निभवायची, आणि मराठी मंडळातल्या बायका म्हणायच्या, "तुमच्या मिसेस किती शांत हो!" सुकट-बोंबील आईचा जीव की प्राण, पण वडिलांनी ते घरात बंद केलं होतं, वास जिन्यात जातो म्हणून. बाजारातल्या सुक्या माशांच्या पोत्यांपाशी आई रेंगाळायची आणि मग मेथी घेऊन घरी यायची. साड्यांच्या कपाटात, घड्यांच्या मागं, एक फोटोची फ्रेम होती; ज्यांच्यामुळे आमच्या घराण्यात पहिल्यांदा पाटी-पेन्सिल आली त्यांचा. वर्षातून दोनदा, दार लावून, आई तो बाहेर काढायची, हळदीकुंकवाच्या जागी नुसतं एक फूल ठेवायची आणि आम्हाला हात जोडायला लावायची. बाहेर बोलायचं नाही, हे सांगावं लागायचं नाही. कशाची लाज वाटून घ्यायची हे मला नीट कळण्याआधीच लाज वाटायला लागली होती.

सुट्टीवर भारतात गेलो की आम्ही पुण्याला मामाकडे उतरायचो. वडील दोन दिवस एकटेच कुठंतरी जाऊन यायचे. काम आहे म्हणायचे. परत आले की त्यांच्या बुटांना लाल माती असायची, आणि आई ती स्वत: पुसायची.

आईच्या गोष्टी मात्र घरात भरपूर. भाकरी थापताना ती सांगायची आणि आम्ही ओट्याशी उभं राहून हूं म्हणायचं. हा नियम पक्का. प्रत्येक वाक्याला हूं. हूं आलं नाही तर आईचा हात तव्यावर तसाच थांबायचा. "हुंकार न्हाई तर गोष्ट न्हाई. भिताडाला सांगू व्हय?" ती म्हणायची, "हूं म्हनलं म्हंजे तू बी गोष्टीत आलीस." माझा भाऊ ईसा टाउनच्या शाळेत जाऊन इंग्रजीत उत्तरं द्यायला शिकला होता, तो 'येस, येस' म्हणायचा. आई म्हणायची, "येस चालत न्हाई."

हेल्गाबाई आमच्या आयुष्यात आल्या त्या वडिलांच्या वर्कशॉपातून. त्यांचे यजमान मालवाहू विमानांवर इंजिनिअर होते, दोघंही आइसलंडचे. जुफैरला त्यांचा बैठा बंगला होता. तेव्हा तिथं आजच्यासारख्या उंच इमारती नव्हत्या. हेल्गाबाई पन्नाशीच्या, हाडापेरानं मोठ्या, चेहरा उन्हानं कायम लाल. पहिल्याच भेटीत त्यांनी आमची करमणूक केली. आडनाव विचारलं तर म्हणाल्या, आमच्यात आडनाव नसतंच. मी हेल्गा, एइनारची मुलगी. एइनार ओलाफचा, ओलाफ आणखी कुणाचा. आणि लगेच वडिलांना विचारलं, "तुम्ही कोणाचे?" आमच्याकडच्या 'कोण तुम्ही'पेक्षा हा प्रश्न वेगळा होता हे मला आता कळतं. त्यांना फक्त नाव हवं होतं. वडिलांनी मात्र पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं, मास्तर, शिस्त, साथ. हेल्गाबाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "आणि आई?" वडील म्हणाले, "ती पण साथीत." नाव नाही सांगितलं.

त्यांच्या देशात हिवाळ्यात सूर्य जेमतेम तोंड दाखवून जातो. लहानपणी त्यांच्या शेतावरच्या घरात सगळी माणसं एकाच खोलीत झोपायची, जेवायची, आणि संध्याकाळी दिवा लावून लोकरीचं काम करत बसायची. कुणी पिंजतंय, कुणी काततंय, कुणी विणतंय, आणि एकानं जुन्या गोष्टींचं पुस्तक मोठ्यानं वाचायचं. हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या गोष्टी, कधीकाळी वासराच्या कातड्यावर लिहून ठेवलेल्या. हेल्गाबाईंचं म्हणणं असं, की बहारीनचा उन्हाळा म्हणजे त्यांचा हिवाळाच, माणूस दाराबाहेर पडू शकत नाही. म्हणून त्यांनी त्या उन्हाळ्यात दर गुरुवारी दुपारी बैठक सुरू केली. येताना हातकाम आणायचं. बाहेर रस्ता वितळतोय आणि ही बाई एसी पूर्ण सोडून लोकरीचा स्वेटर विणतेय! वडील म्हणाले, जायला हवं, साहेबाची बायको आहे. मंडळातून कानिटकरकाकूही येणार होत्या. काकू बँकेतल्या मोठ्या अधिकाऱ्याच्या पत्नी, मंडळाचा गणपती त्यांच्या घरी बसायचा, आणि पुढच्या वर्षी वडिलांना मंडळाचे सेक्रेटरी करायचं त्यांच्या मिस्टरांच्या मनात होतं. त्या एका पदासाठी वडील काय काय करत होते! नाटकाचे पडदे शिवून आणणं, पाहुण्यांची विमानतळावरून ने-आण करणं. चौदा वर्षांची मी आणि निवडायचे तांदूळ घेऊन आई अशा गेलो. वडिलांनी गाडीत आईला बजावलं, "तू फक्त ऐक."

हेल्गाबाई आधी चार ओळी त्यांच्या भाषेत वाचायच्या, दगडावर दगड घासल्यासारखा आवाज यायचा, मग इंग्रजीत सांगायच्या. मी आईला मराठीत सांगायची. गोष्टी भांडणाच्याच. कुणाच्या मेंढ्या कुणाच्या कुरणात गेल्या, कुणी कुणाचं गवत कापलं, मग खून, मग पंचायत, मग आणखी खून. "आमच्या भावकीसारखंच की गं," आई माझ्या कानात म्हणाली. आणि प्रत्येक वाक्याला, सवयीनं, तांदळातला खडा काढत काढत, हूं. चांगलं खणखणीत. हेल्गाबाई पहिल्यांदा दचकून थांबल्या. काकूंनी क्रोशाची सुई तोंडावर धरून हसू दाबलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आईचा पदर ओढला, पण हुंकार थांबवणं तिच्या हातात नव्हतंच. हेल्गाबाईंनी काय झालं म्हणून विचारलं तेव्हा मी कसंबसं सांगितलं, आमच्याकडे ऐकणाऱ्यानं असं म्हणायचं असतं. "मग आमच्याकडेही म्हणायला हवं होतं," हेल्गाबाई म्हणाल्या, आणि तेव्हापासून त्या वाक्य संपवून आईकडे बघायला लागल्या. इंग्रजी वाक्याला आई गप्प. मी मराठी केलं की हूं. की हेल्गाबाई पुढं. मी त्या दोघींच्या मध्ये लाल कान घेऊन बसलेली.

खायला त्या वाळवलेला मासा द्यायच्या, लाकडासारखा कडक, फोडून, वर लोणी लावून. काकू म्हणाल्या, "अय्या, नको हं, आमच्यात नाही चालत," आणि माझ्याकडे वळून, "तुमच्यातही नसेल ना गं?" मी नाही म्हणाले. आईनं तोवर दोन तुकडे संपवले होते. "बोंबलागत हाय," ती मोठ्यानं म्हणाली. लोकांत आईच्या तोंडून 'हाय' आलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. काकूंनीही ऐकलं.

हेल्गाबाईंच्या गोष्टींची एक तऱ्हा होती. माणसाच्या मनात काय चाललंय ते त्यात कधीच यायचं नाही. मुलगा मेल्याचं कळल्यावर म्हातारा रडला, असं नाही. म्हातारा उठला, बाहेर जाऊन त्यानं अर्धं राहिलेलं कुंपण पूर्ण केलं, एवढंच. मी विचारलं, त्याला वाईट नाही वाटलं? हेल्गाबाई म्हणाल्या, "कुंपण केलं ना त्यानं." मला तेव्हा ते काहीतरीच वाटलं. आई मात्र तांदूळ निवडायची थांबली होती.

मग तो गुरुवार आला. हेल्गाबाई म्हणाल्या, आमच्या सगळ्या गोष्टी एकाच प्रकारे सुरू होतात, एक माणूस होता, अमक्याचा मुलगा, तमक्या गावचा. आज प्रत्येकीनं आपल्या घरची गोष्ट तशी सांगायची. काकूंनी उत्साहानं सुरुवात केली, सात पिढ्या, कोकणातलं मूळ गाव, गोत्र, पेशव्यांकडची कारकुनी. छान सांगितलं त्यांनी, खोटं कशाला बोलू. आईनंही त्यांना भरपूर हूं दिलं. मग हेल्गाबाईंनी आपली सांगितली. एइनार, ओलाफ, करत करत त्या मागं मागं गेल्या आणि एका बाईपाशी थांबल्या. ती जहाजातून विकत आणलेली गुलाम होती. बाजारात घेतलेली. मालकानं पुढं तिला मोकळं केलं. तिथं असा कायदा होता, की बाईला जमीन हवी तर वसंतातल्या एका दिवसात, उगवतीपासून मावळतीपर्यंत, कालवड घेऊन चालत ती जेवढ्या रानाला फेरी घालेल तेवढं रान तिचं. ती चालली. चपला फाटल्या तेव्हा अनवाणी चालली. "आम्ही सगळे तिचे," हेल्गाबाई म्हणाल्या, आणि विणकामाचा टाका मोजायला लागल्या.

काकूंनी विचारलं, "हे तुम्ही सगळ्यांना सांगता?"

"न सांगून कसं चालेल? मग गोष्ट सुरू कुठून करायची?"

मग माझी पाळी. मी पाठ केलेलं सुरू केलं. इंग्रजीत एक वाक्य, आईसाठी मराठीत एक. माझे आजोबा सातारा भागातले मास्तर होते. हूं आलं नाही. मला वाटलं, आईचं लक्ष नाही. मी पुन्हा म्हणाले, मोठ्यानं, आजोबा मास्तर होते. आई माझ्याकडे बघत होती, सूप मांडीवर, हात सुपात. हूं नाही. ते कडक शिस्तीचे होते. नाही. मग साथ आली आणि आजी-आजोबा दोघंही... मला पुढं बोलताच येईना. आईच्या हूंशिवाय मी कधी गोष्ट सांगितली नव्हती. पायाखालची पायरीच नसावी तसं झालं. हेल्गाबाई आईकडे बघत होत्या, काकू माझ्याकडे.

"मी सांगते," आई म्हणाली. मला म्हणाली, "तू इंग्रजी कर."

"ठकू नावाची बाई व्हती. येसकराची बायकू. नवरा मेला, पोर दोन वर्साचं. येसकरकी ठकूकडं आली. गावचा सांगावा, गावची राखन, मेलेलं ढोर वढायचं. त्येच्या बदली दिस मावळला की टोपली घिऊन दारोदार जायाचं आन् भाकरी मागायची. उंबऱ्यापासनं लांब उभं ऱ्हायाचं. वरनं टाकायचे. कवा टोपलीत पडायची, कवा मातीत."

मी इंग्रजी करत होते. चुकीचं करायचं मनात आलं होतं, का नाही येणार? पण उपयोग काय! ज्यांच्यापासून लपवायचं त्या काकूंना मूळच कळत होतं. माझं इंग्रजी फक्त त्या बाईसाठी होतं, जिच्यापासून काही लपवायचं कारणच नव्हतं. टोपलीला इंग्रजीत बास्केट म्हणायचं हे सुद्धा आठवेना.

"पोर शाळेत भायेर बसून शिकलं. तालुक्याला परीक्षा व्हती. ठकू आठवडाभर आधीपास्नं घरोघर जादा फिरली, मिळंल ते तुकडं उनात वाळवलं, फडक्यात बांधलं. उगवतीला पोराला घिऊन निघाली, मावळतीला तालुक्याला पोचली. पोरानं तुकडं पान्यात भिजवून खाल्लं आन् परीक्षा दिली. पयला आला. म्हनला, आये, आता टोपली घिऊ नगंस. ती म्हनली, टोपली नसती तर तू कुठनं आला असतास?" आई जरा थांबली. हूं देणारं कुणी नव्हतं. मग हेल्गाबाई, विणकाम बाजूला ठेवून, त्यांच्या त्या जाड आवाजात म्हणाल्या, "हूं."

"पोर मोठं झालं, परदेशी आलं. लोकांना सांगितलं, आई लहानपनीच मेली. ती तिकडं जित्ती. गेल्या वर्सी खरीच गेली, तार आली. आता ह्येनं कुनाला सांगायचं? एकदा मेलेली पुन्ना कशी मरंल? तार वाचली, खिशात घातली. न्हानीत गेला, नळ सोडला, आन् आत बसला. इथं पान्याचं इतकं वांधं, पर मी नळ बंद करा म्हनलं न्हाई. मग भायेर यिऊन ड्यूटीला गेला."

तो दिवस मला आठवत होता. मी शाळेच्या बससाठी खोळंबले होते आणि न्हाणीच्या दारावर थापा मारल्या होत्या. आजी होती, जिवंत होती, आणि दरवर्षी दोन दिवस वडील तिलाच भेटायला जात होते, हे मला त्या दिवशी जुफैरच्या त्या गारठलेल्या खोलीत, दोन परक्या बायकांसमोर, भाषांतर करताना कळलं. मी शेवटचं वाक्य इंग्रजीत केलं आणि रडले. तेसुद्धा, खरं सांगते, आजीसाठी नाही. आता वर्गात सगळ्यांना कळणार म्हणून रडले. काकूंनी क्रोशा पिशवीत भरला, "अगंबाई, उशीर झाला," म्हणाल्या आणि आईच्या खांद्याला हात लावायला पुढं केलेला हात मधेच पदर सारखा करायला नेला.

वडिलांना आईनं स्वत:च सांगितलं, घरी पोचल्या पोचल्या, चपला काढायच्या आत. ते ओरडतील म्हणून मी भावाला घेऊन आत गेले. ते ओरडले नाहीत. "खलास," एवढंच म्हणाले. इथं सगळेच म्हणतात तो शब्द, काम संपलं की. मग जेवायला बसले आणि मीठ कमी आहे म्हणाले.

मंडळात कुणी काही बोललं नाही. आमची माणसं फार सभ्य. सेक्रेटरी दुसरेच झाले. गणपतीत दरवर्षी आईकडे मोदकांचं पीठ मळायचं काम असायचं, त्या वर्षी काकूंचा फोन आला, "यंदा तुम्ही अगदी आराम करा हं." वडील आरतीला गेले, मागं उभे राहिले, टाळ्या वाजवल्या, आणि आम्हाला गाडीत बसवून घरी आणलं. त्यांची पाठ तेव्हापासून जरा वाकली असं मला वाटायचं. आईवर माझा इतका राग होता की महिनाभर मी तिच्या कुठल्या गोष्टीला हूं म्हटलं नाही. आणि वडिलांकडे बघवायचं नाही. त्यांची लाज वाटायची. त्यांनी लपवलं म्हणून की लपवणं जमलं नाही म्हणून, ते आजही मला धड सांगता येत नाही. आता साठी उलटल्यावर ती टोपली मी व्यासपीठांवरून अभिमानानं सांगते, लोक टाळ्या वाजवतात. पण चौदाव्या वर्षी मला टोपलीची लाज वाटली होती, आणि त्या लाजेची लाज अजून गेलेली नाही.

थंडी सुरू झाली तेव्हा हेल्गाबाईंच्या यजमानांची बदली झाली. निरोपाला त्यांनी सगळ्यांना बोलावलं, वर्कशॉपातले लोक, कानिटकर पती-पत्नी, आम्ही. आई दुपारपासूनच मदतीला गेली होती. वडील यायला तयार नव्हते. शेवटी इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. मी आणि भाऊ मागच्या सीटवर. बंगल्याचं दार उघडंच होतं. हॉलमध्ये लोक बशा घेऊन उभे होते, आणि हेल्गाबाई दारात, प्रत्येकाला त्यांच्या रीतीनं विचारत होत्या. तो आता सगळ्यांना माहीत झालेला विनोद होता, लोक हसत हसत बापाचं नाव सांगून आत जात होते. आमच्या पुढं कानिटकरकाका होते. त्यांनी सांगितलं, हशा झाला. मग वडील.

"तुम्ही कोणाचे?"

हेल्गाबाई हसत नव्हत्या. वडिलांनी खाली बघितलं, बुटांकडे. मला वाटलं, आता मास्तर, शिस्त, साथ. मनातल्या मनात मी देवाला म्हणत होते, तेवढंच म्हणू देत, पटकन म्हणू देत आणि आत जाऊ देत. ते वर बघून आधी इंग्रजीत म्हणाले, मग हॉलमधल्या सगळ्या मराठी माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात, रेडिओवरच्या नव्हे, मी कधी न ऐकलेल्या मराठीत म्हणाले:

"ठकूचा. ठकू येसकरणीचा ल्योक हाय म्या."

मी वडिलांकडे नाही, आधी काकूंच्या तोंडाकडे बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, हातात वाळलेल्या माशांची बशी. तिनं बशी खाली ठेवली नाही, पदरही सारखा केला नाही.

"हूं," ती म्हणाली.